मेडिकलची तिमाही

“आज बी मेडिकल?” धनुबाईंनी विचारलं.

शेजारच्या रिनाने त्यांच्या फोनवरचा इंग्रजी मेसेज पुन्हा एकदा वाचला. “हो काकू. जोडकार्डावरून. मेडिकल, दोनशे चाळीस रुपये.”

“म्हंजे मन्हा पोऱ्या आजारी शे.”

त्यांचे यजमान नवलभाऊ ओट्यावर पेपर वाचत बसले होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

त्यांचा मुलगा नवनीत तीन वर्षांपूर्वी बापाशी भांडून कोरीट गावाहून सुरतेला गेला. खिशात वडिलांच्या क्रेडिट कार्डाचं जोडकार्ड होतं, तेवढंच. महिन्याभरात त्याचा फोन बंद झाला. नवलभाऊ एकदा सुरतेला जाऊन आले. तिसऱ्या दिवशी परतले तेव्हा गाडीत फार धूळ होती म्हणाले आणि अंगणातच अंघोळ करून घरात शिरले. खोलीला कुलूप होतं, एवढंच त्यांनी बायकोला सांगितलं.

धनुबाईंचं जेवण तुटलं. मग पंधरा-वीस दिवसांनी बँकेत नोंदवलेल्या त्यांच्या फोनवर जोडकार्डाच्या खरेदीचा पहिला मेसेज आला. पेट्रोल, दोनशे रुपये. त्या रात्री त्या दीड भाकरी जेवल्या.

तेव्हापासून महिन्यातून तीन-चार मेसेज येत. त्यात गावाचं नाव नसे, फक्त खरेदीचा प्रकार आणि रक्कम. बिल नवलभाऊ मुकाट्याने भरत. धनुबाई मात्र त्या दोन शब्दांवरून मुलाचा संसार मांडत. पेट्रोल आलं, म्हणजे त्याने मोटरसायकल घेतली. हॉटेल आलं, म्हणजे पोराला घरचं मिळत नाही. यंदा एप्रिलपासून पहिल्यांदाच किराणा सुरू झाला तेव्हा त्यांनी रिनाला हळूच विचारलं होतं, “लगीन तं नही करी टाकं?” राग निवला की तो येईल, असं त्या म्हणायच्या.

जुलै लागला आणि नुसतं मेडिकल सुरू झालं.

“काकू, ते कार्डच तसं आहे,” रिना म्हणाली. “दर तीन महिन्यांनी एकाच गोष्टीवर पाच टक्के परत मिळतात. यंदा पहिल्यांदाच औषधांवर आहेत. बाकी सगळ्यावर पाव टक्का. काकांनी त्याचा तक्ता चिकटवलाय ना कपाटात?”

तक्ता होता. जिल्हा परिषदेत कारकुनी केलेल्या नवलभाऊंची ती जुनी शिस्त होती. पेट्रोलची तिमाही संपली की त्यांची मोटरसायकल घराबाहेर पडत नसे.

“मुलगा बापावर गेलाय,” रिना हसत म्हणाली.

“पाच टक्क्यासाठी कोनी गोळ्या खास का?” धनुबाई म्हणाल्या. “सोमवारले मी सुरत जासू. ती खोली दखसू. नही सापडना तं एकेक मेडिकलवर इचारसू.”

पेपर खाली आला. “आपन कार्ड बदली टाकू,” नवलभाऊ म्हणाले. “सरसकटवालं ली लेऊ. सगळ्यावर दीड टक्का.”



“पोऱ्या तथा पडेल शे, नि तुम्ही टक्का मोजी ऱ्हायनात?” धनुबाईंचा आवाज चिरकला. “मी मरसू तव्हय सरपन बी पाच टक्काना तीन महिनामा लेशात तुम्ही!”

 नवलभाऊंनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. मग म्हणाले, “नवा कार्डना पयला मेसेज येऊ दे. मंग जाय. मी आडावाव नही.”

दुसऱ्या दिवशी नंदुरबारच्या बँकेत जागृती नावाच्या मुलीने त्यांचा अर्ज भरून घेतला.

“काका, तुमच्या खर्चाला तक्त्याचंच कार्ड बरं आहे. तुम्ही एकही तिमाही चुकवत नाही. असा ग्राहक मी पाहिला नाही. तुमचा मुलगाही तसाच दिसतोय.”

“नव्या कार्डात औषधंच घ्यायला हवीत असं नाही ना?”

“तसं तर जुन्यातही नव्हतं. कुठेही वापरता येत होतं. फक्त पाच टक्के मिळाले नसते.”

“ते माहीत होतं,” नवलभाऊ खाली बघत म्हणाले. “हात होत नव्हता.”

“जुनं जोडकार्ड आता बंद होईल. मुलाला कळवा. नवं तुमच्याच पत्त्यावर येईल.”

“पोचवतो मी.”

नवव्या दिवशी पाकीट आलं. धनुबाईंनी त्यातलं जोडकार्ड दोन्ही हातांनी उलटसुलट करून पाहिलं आणि नवऱ्याला चिठ्ठी लिहायला बसवलं. “लिखा, दवाई येळवर ले. लिखा, बापनं मनवर लेऊ नको.” त्यांनी ते तसंच लिहिलं, पाकिटावर सुरतेच्या खोलीचा पत्ता घातला आणि पोस्टात टाकतो म्हणून निघाले. पोचायला चार दिवस लागतील, असं सांगून गेले.

ते चार दिवस धनुबाई फोन पदरात बांधून वावरल्या. दाराशी सुरतेची पिशवी भरून ठेवलेली होती.

पाचव्या दिवशी खत आणायचं म्हणून नवलभाऊ नंदुरबारला गेले. खताच्या दुकानावरून पुढे जाऊन ते एका किराणा दुकानात शिरले. चहा, गूळ, शेवया आणि खोबरेल तेल घेतलं. तीनशे दहा झाले. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून जोडकार्ड काढून मशीनवर टेकवलं. मशीन वाजलं. सामान पिशवीत भरेपर्यंत रिनाचा फोन आला. “काका, मेसेज आला! किराणा! काकू पिशवीतले कपडे काढून ठेवताहेत.” “बरं,” ते म्हणाले. दुकानदाराने पावतीपुस्तक पुढे ओढलं. “बिल कोणाच्या नावानं?” “नवनीत नवल पाटील,” नवलभाऊंनी सांगितलं. मुलाचं असं पूर्ण नाव त्यांनी याआधी एकदाच दुसऱ्याला लिहून घ्यायला सांगितलं होतं, तीन वर्षांपूर्वी, सुरतेच्या स्मशानातल्या कारकुनाला.