वासाची वाटणी

“आजपासून हा वास माझ्या इन्क्युबेटरमध्ये नको,” असं म्हणत थोरलीने जंतू वाढवायच्या त्या उबदार कपाटातून धाकट्या जावेच्या सगळ्या प्लेटी उचलून बाहेर टेबलावर ठेवल्या.

दोघी जावा एकाच घरातून निघून एकाच प्रयोगशाळेत येत. तीन महिन्यांपूर्वी धाकटीला इथे चिकटवलं थोरलीनेच, आणि आता धाकटीच तिच्या डोळ्यांत सलत होती. दहा वर्षं खपून थोरलीने एका जुन्या औषधाला नवं रूप दिलं होतं. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू गेले तीन महिने त्याच्यापुढे मरत होते. प्लेटमध्ये औषधाच्या चकतीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ उमटत होतं. आणि ही कालची पोर लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाकून तसलंच वर्तुळ काढते! प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर आत शिरले की आधी तिच्याच टेबलाकडे वळतात. घरी सासूबाईंनाही धाकटीचं कोण कौतुक. थोरलीचा नुसता जळफळाट होई.

शुक्रवारी सर दोघींपैकी एकीचंच काम पुढच्या चाचण्यांना पाठवणार होते.

“अत्तराचं दुकान काढ त्यापेक्षा,” थोरली म्हणाली. धाकटीने पलीकडच्या खोलीतला जुना इन्क्युबेटर पुसून आपल्या प्लेटी त्यात ठेवल्या.

शुक्रवारी थोरली सगळ्यांच्या आधी आली. पहिली प्लेट उघडली. जंतू पार चकतीला चिकटून वाढले होते. दुसरीतही तेच. बाराच्या बारा प्लेटी तशाच. औषध तेच, जंतू तेच, हातही तोच. मग बदललं काय? तिने इन्क्युबेटरमध्ये डोकं घालून हुंगलं. लवंगेचा मागमूस नव्हता. ती वाफ इतके दिवस झाकणाच्या फटीतून तिच्या प्लेटींत शिरत होती, तर!

मागच्या आठवड्याच्या, वर्तुळं उमटलेल्या प्लेटींचे फोटो होते. तेच पुढे केले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिने ते काढून टेबलावर मांडलेही.

तेवढ्यात धाकटी आली. तिच्या मागोमाग सर.

“छान आलंय ना, ताई?” धाकटीने अगदी मनापासून विचारलं. त्या मनापासून विचारण्याचाही थोरलीला रागच आला. तिने फोटो गोळा करून खणात टाकले.

“तुझ्या प्लेटी परत माझ्याकडे आण,” ती सरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

“पण ताई, तो वास...”

“असू दे. त्याच्याशिवाय माझं औषध एक जंतू मारत नाही.”