तपासणीची ओळ

हॉस्पिटलमधली श्वास देणारी सगळी यंत्रं रुग्णांना लागलेली होती. उरलेलं एक माझ्या टेबलावर होतं आणि ते चालता चालता मध्येच बंद पडत होतं. हवा सोडणं आणि दाब मोजणं ही ते चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली दोन कामं कधीतरी एकाच क्षणी मेमरीतल्या एकाच जागी लिहायला जात आणि सगळं ठप्प होई. नेमकं कुठे, ते कळावं म्हणून मी कोडमध्ये नोंद छापणारी एक ओळ घातली. त्या ओळीपायी एक काम किंचित रेंगाळलं, टक्कर टळली, यंत्र चालत राहिलं. दोष मात्र होता तिथेच होता.

"ताई, बाबांची धाप थांबत नाहीये. असेल तसं पाठव!" भाऊ हॉस्पिटलमधून फोनवर रडत होता.

मी ती ओळ तशीच ठेवली आणि सहकाऱ्याला कोड भरून यंत्र पाठवायला सांगितलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "लावलंय गं. बाबांचा डोळा लागलाय."

मी फोन खाली ठेवला. सहकाऱ्याने ग्लास पुढे केला.

"आता तरी घोटभर पाणी पी, वेंधळे. तपासणीची ओळ कोडमध्ये तशीच ठेवली होतीस. बाहेर पाठवताना काढतो ना आपण? मी काढली."