सही कुणाच्या नावानं?

अमनने एकोणिसावं पुस्तक खोक्यात टाकलं आणि सुतळीची गाठ मारायला घेतली. तेवढ्यात झमकूबाईंनी खोक्यावर हात ठेवला.

"दादी, हात काढ. उद्या सकाळी रद्दीवाला येतोय."

"पुस्तकं माही हायेत. तुह्या बापानंबी त्याले कधी हात नाही लावला."

"पण लिहिलीत कोणी, ते बघ ना!"

एकोणीसच्या एकोणीस कादंबऱ्या दत्ताराम विंझणेकरांच्या. जन्म कोकणातला, पण तरुणपणी दोन वर्षं रावेरला मास्तर होते. तापीकाठच्या केळीवाल्यांची बोली कादंबऱ्यांत आणून त्यांनी नाव कमावलं. आता वय ऐंशी. मागच्या आठवड्यात त्यांची एक मुलाखत सावद्यातल्या मोबाइल-मोबाइलवर फिरली. "मारवाड्यांनी इथं दुकानं थाटावीत, खुशाल थाटावीत," ते हसत हसत म्हणाले होते, "पण मराठी काही त्यांची व्हायची नाही. भाषेसाठी त्या मातीत जन्मावं लागतं." अमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार पिढ्यांचं किराणा दुकान सावद्यात, आजोबांनी दिलेले पंखे अजून वाचनालयात फिरतात, आणि हा कोण टिकोजीराव लागून गेला?

झमकूबाईंनाही ते लागलं होतं. वय सत्तर, पण आजवर इतकं कशानं लागलं नव्हतं. घरात सगळे मारवाडी बोलत; म्हातारी मात्र भांडायचं असलं की मराठीवर यायची. गेले आठ दिवस ती भांडलीसुद्धा नव्हती. चार शिव्या देऊन मोकळं व्हावं तर पुस्तकं आठवत, आणि पुस्तक उघडावं तर तो माणूस हसताना दिसे.

"आज त्याचं व्याख्यान हाये ना वाचनालयात?" त्यांनी विचारलं. "मी जाते. माह्या तोंडावर म्हनला का मराठी तुही नाही, तर खोका तुहा. मीच रद्दीवाल्याच्या गाडीवर ठिवीन."

त्यांनी खोक्यातून पहिली कादंबरी काढून घेतली. पानं सुटलेली, पुठ्ठा दोनदा शिवलेला. अमन मागोमाग निघाला. दादीचा चारचौघांत अपमान झालाच, तर कुणीतरी जवळ असायला हवं होतं.

सभागृह गच्च भरलं होतं. दिवे फक्त मंचावर, खाली अंधारच. विंझणेकर तासभर छान बोलले. मुलाखतीचं नाव कुणी काढलं नाही. पाहुण्याला घरी बोलवून टाकून बोलायची सावद्याची रीत नाही. शेवटी अध्यक्ष जीवराम नानांनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग बायकांच्या बाजूला झमकूबाई उठल्या.

"भाऊ, तुमच्या पहिल्या कादंबरीतली गोदू लई गुनाची. पन एक चुकलं तुमचं. एकाच खांबाचा घड ती दोन वर्सं कापते. केयीले जन्मात एकच घड येते. घड उतरला का खांब कापा लागते, मंग बुडातून फुटलेलं पील वाढते."

सभागृह खो खो हसलं. निम्म्याहून जास्त माणसं केळीच्या बागांवर जगणारी. ही चूक पन्नास वर्षं सगळ्यांना ठाऊक होती, पण एवढ्या मोठ्या लेखकाला सांगायचं कसं, म्हणून जो तो गप्प होता.

विंझणेकरांनी दिलदारपणे हात जोडले. "कबूल! चूक कबूल!" डोळ्यांवर दिवे येत होते, त्यांनी हात आडवा धरून अंधारात पाहायचा प्रयत्न केला. दिसलं काही नाही, पण रंगात आले. "परवा मी बोललो तर लोक चिडले. आता ऐकलंत ना या आजींना? ही बोली, ही नजर शिकून येत नाही. त्यासाठी इथंच जन्मावं लागतं. माझ्या म्हणण्याचा पुरावा तुमच्यासमोर उभा आहे!"

अर्ध्या सावद्याने झमकूबाईंच्या हातून मीठ-गूळ नेलेला. जीवराम नाना पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला. शेजारच्या कुंदाबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि झमकूबाईंना कोपराने ढोसलं. "जाय वं काकी, वर जाय. सही घे."

अमन इतका वेळ मुठी आवळून बसला होता. तो ताडकन उठला, दादीला हात देऊन पायऱ्या चढवून घेऊन गेला आणि ते शिवलेलं पुस्तक त्याने स्वतःच विंझणेकरांपुढे ठेवलं. त्याची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटतील.

विंझणेकरांनी पुस्तक कौतुकाने उलटंपालटं केलं. पेनाचं टोपण काढलं. पहिलं पान उघडलं.

"सही कुणाच्या नावानं करू, आजी?"

"लिहा. झमकूबाई झुंबरलाल ओस्तवाल. माहेर नागौर, मारवाड."

पेन जागच्या जागी थांबलं. टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं. मागून शिट्ट्याही आल्या, आणि नानांनी त्या अडवल्या नाहीत. झमकूबाई टाळ्या संपेपर्यंत थांबल्या. त्यांना काही घाई नव्हती. मग त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सतराव्या वर्सी सावद्यात आली, तवा मले मराठीचा एक शब्द येत नव्हता, भाऊ. आज जे काय येते, ते बठ्ठं तुमच्या या गोदूनं शिकवलं."