अठरा हजार पावलं

“वहिनी, हा पट्टा घोट्याला काचतोय,” स्वयंपाकघराची फरशी पुसता पुसता कलावतीमावशी कुरकुरल्या. “पोरीनं मोबाईल बघायचा आणि चालायचं मी.”

“हळू बोला,” वृंदा म्हणाली. बाहेर शाळेचे खेळाचे सर बसले होते.

रोजची पावलं भरल्याशिवाय मुलांचं इंटरनेट उघडायचं नाही, असा सरकारी नियम येऊन वर्ष झालं होतं. वृंदाची मुलगी मृण्मयी पहिला आठवडाभर रडली, तेव्हा वृंदानंच तिचा पावलं मोजणारा पट्टा मावशींच्या पायात बांधला होता.

“रोज अठरा हजार पावलं,” चहा घेऊन आलेल्या वृंदाला सर समोर बसलेल्या मृण्मयीकडे बघत कौतुकानं म्हणाले. “अख्ख्या शाळेत कुणाची नाहीत. रविवारी जिल्ह्याच्या शर्यतीत हिलाच पळवायची. त्यासाठी शबानाचं नाव काढलं मी. फार रडली ती, पण आकडे समोर होते.”

वृंदानं सरांकडे न बघता कपाखालची बशी उगाच सरळ केली. दारात आलेल्या मावशींनी साडीचा काठ घोट्यावर ओढला.

“शबानाचं नाव परत घाला, सर,” मान खाली घालून मृण्मयी म्हणाली. “मला एक जिना चढला तरी धाप लागते. ती पावलं मावशींची आहेत.”