फिल्टरमधला बिघाड

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर निवृत्त इंजिनिअरसाहेबांना सगळ्यात आधी लख्ख काय दिसलं असेल, तर घरच्या फिल्टरमधून येणारं पिवळं पाणी. उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेलेला माणूस तो, गप्प कसा बसणार? बायको नको नको म्हणत असताना त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला आणि ओट्यावर दोन पांढऱ्या वाट्या मांडल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत फिल्टरचं. नळाचं स्वच्छ, फिल्टरचं पिवळंजर्द.

"बघ! टाकीचा दोष नाही, पाइपाचा नाही. आतली कँडलच कामातून गेलीय," असं निदान ऐकवून त्यांनी लगेच मेकॅनिकला फोन लावला आणि त्याला झाडायला सुरुवात केली. "अहो, परवापर्यंत काचेसारखं पाणी येत होतं! मी स्वतः रोज बघत होतो!"

बायकोने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

"ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून असंच येतंय. मी सांगितलं होतं तुम्हाला."

साहेबांनी एकदा वाट्यांकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि कपाळावर हात मारायला गेले तो चष्माच हाताला लागला.

"म्हणजे तेव्हाही मी अक्कल पाजळली असणारच. काय म्हणालो होतो?"

"पाणी ठीक आहे, तुझेच डोळे गेलेत, म्हणालात. आणि मला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत. ते म्हणाले, बाईंचे डोळे उत्तम आहेत, आलाच आहात तर तुमचेही बघू."