तांदळाच्या डब्यातला फोन

फोन तांदळाच्या डब्यात सापडला तेव्हा सुलभाबाईंच्या हातात कुकरचं भांडं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. श्रीकांत तांब्यांनी ओठांवर बोट ठेवलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि मगच तोंड उघडलं. फोन चिनी होता आणि ऐकत होता.

हे ज्ञान त्यांना कचेरीतल्या हर्षलने दिलं होतं. हर्षल कॉम्प्युटरवर बसायचा, मूळचा शिरपूरचा. चायनाच्या फोनमधलं सगळं तिकडच्या सरकारकडे जातं, असं त्याने टपरीवर चहा पिता पिता सांगितलं. तांबे हादरले. उद्याच आपल्या देशाचा फोन घेतो म्हणाले.

"घ्या ना भाऊ," हर्षल म्हणाला. "मग आपलं सरकार वाचीन."

तांब्यांना चहा गेला नाही. लपवण्यासारखं त्यांच्याकडे आयुष्यात एकच होतं. 'जागा नागरिक' या नावाने ते फोनवरून गावच्या ग्रुपवर लिहीत. साहेबांचे पाहुणे दर रविवारी सरकारी जीपमधून वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला जातात, हे सिल्वासाला कळलं ते जाग्या नागरिकामुळे. साहेब दोन महिने त्याला शोधत होते. सापडला की दीवला धाडतो, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. दीव कागदावर आपल्याच केंद्रशासित प्रदेशात. जायचं तर अर्धा गुजरात ओलांडून. सुलभाबाईंची शाळेतली नोकरी इथे, लेक रोहिणीची बारावी इथे.

सुलभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तांदूळ धुवायला घेतले.

"चीन तुमची दीवला बदली करणार आहे का?" त्यांनी विचारलं.

तांब्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. नाही म्हणाले.

"मग त्याला वाचू दे की."

पण प्रश्न इतका सोपा नव्हता. परक्याने वाचलं तर लाज, आपल्याने वाचलं तर भीती. यातलं काय परवडतं? तांब्यांना ठरवता येईना. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी टिपणाशिवाय काहीच ठरवलं नव्हतं. पंखा दुरुस्त करायचा तरी टिपण. टिपण लिहिलं की डोकं आपोआप चालायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी झाली. तांब्यांनी टिपणाचा हिरवा कागद ओढला. विषय: मोबाइलवरील पाळत, देशी व विदेशी. परिच्छेद एक: चीन सर्व वाचेल, परंतु कारवाई करणार नाही. परिच्छेद दोन: मात्र साठवून ठेवेल, कन्या उद्या परदेशी गेल्यास अडचण संभवते. परिच्छेद तीन: आपले सरकार कदाचित वाचणारही नाही, परंतु वाचल्यास एक ओळ पुरे. परिच्छेद चार: ती ओळ कोणती, कोणत्या नावाने व कोणाच्या जीपविषयी. परिच्छेद पाच: सबब, चिनी फोन वापरात ठेवणे कमी धोक्याचे वाटते.

वाचून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. खाली सवयीने शेवटची ओळ लिहिली, सही केली, तारीख घातली, फीत बांधून फाइल ट्रेमध्ये ठेवली आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच पोटभर डबा खाल्ला. संध्याकाळी फोन तांदळातून बाहेर आला. सुलभाबाईंनी तो फडक्याने पुसून दिला.

चौथ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर बदलीचा आदेश होता. ठिकाण दीव, रुजू होण्यास सात दिवस.

तांब्यांनी खिशातला फोन एकदा चाचपला. खिशातला फोन एकदा चाचपला. या फोनने दगा दिला? की चीनने दिल्लीला कळवलं? दोघं मिळालेले तर नाहीत?

"साहेब," त्यांनी कसंबसं विचारलं, "तिकडून कळलं की इकडून?"

साहेबही थोडे चक्रावलेलेच दिसत होते. त्यांनी एक फाइल उघडून तांब्यांकडे फिरवली.

हिरव्या कागदावर, पाचव्या परिच्छेदाखाली, तांब्यांच्याच वळणदार अक्षरात ओळ होती: 'मा. साहेबांच्या अवलोकनार्थ व योग्य त्या आदेशार्थ सविनय सादर.'