ऐकू येईल असा खो

खो-खोची मॅच आम्ही जिंकलो, आणि पंच चक्क म्हणाले, "या पोरीचा खो पार एसटी स्टँडपर्यंत गेला असेल!" मी! जिचा खो गेल्या वर्षी दर वेळी फाऊल ठरायचा, कारण तो कुणाला ऐकूच यायचा नाही.

माझा आवाज बाहेर काढला तो केतकीने, टीममध्ये माझ्या शेजारच्या चौकोनात बसणाऱ्या मैत्रिणीने. ल्युकेमियाच्या वॉर्डात, हाताला सलाईन, डोक्याला ओढणी, अशी ती पलंगावर माझ्याकडे पाठ करून बसायची. "दे खो." मी पाठीला हात लावून पुटपुटायचे. "ऐकू नाही आला. फाऊल! परत दे, भित्रट." सिस्टर ओरडायच्या. काकू, म्हणजे तिची आई, दाराशी उभ्या राहून नुसत्या बघायच्या. दिवाळीआधी केतकी गेली.

आज काकू मॅचला आल्या होत्या. सगळ्याजणी ट्रॉफीबरोबर फोटो काढत होत्या, तेव्हा त्या सरळ मैदानात गेल्या आणि केतकीच्या चौकोनात माझ्याकडे पाठ करून बसल्या. "दे," म्हणाल्या.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुन्हा पुटपुटलेच, "खो."

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. "ऐकू नाही आला. फाऊल. परत दे, भित्रट."

मग मी असा खो दिला की फोटोतल्या सगळ्या पोरी वळल्या. काकू उठल्या, पदर खोचला, आणि रिकाम्या मैदानात कुणाच्या तरी मागे लागल्यासारख्या धावत सुटल्या.